बर्फ नसलेल्या तलावातला गारठा

डिसेंबर संपत आलेला असतो. धान कापून, चुरून घरी आलेले असते. रिकाम्या बांध्यांवर दव पडलेले असते आणि साकोली-लाखनीकडच्या एखाद्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर पहाटे पाच वाजता दोन-तीन बॅटऱ्यांचे उजेड हलत असतात. ढिवर समाजातील पाच-सहा जण जाळे घेऊन आलेले असतात. हवेत तोंडाची वाफ दिसते, तशीच पाण्यावरूनही वाफ उठताना दिसते. पहिला माणूस कमरेपर्यंत पाण्यात उतरतो आणि मागच्यांना सांगतो, 'या, पाणी गरम आहे.'

तो खोटे बोलत नाही. पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. रात्रीतून हवा ९-१० अंशांवर उतरली तरी तलाव एवढ्या लवकर थंड होत नाही. समजा, पाणी १८ अंशांवर आहे. पाळीवर उभे राहून गारठलेल्या पायांना ते ऊबदारच वाटणार. पाण्यावरची वाफ हीदेखील पाणी हवेपेक्षा गरम असल्याचीच खूण. फसगत इथूनच सुरू होते. आपल्या त्वचेला तापमापी समजून चालत नाही. तिला गरम-गार कळते ते आधीच्या अवस्थेच्या तुलनेत. शरीरातून उष्णता किती वेगाने चालली आहे, याचा हिशेब तिच्याकडे नसतो.

हा हिशेब पाण्याच्या बाबतीत फार कडक आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक सहजपणे उष्णता वाहून नेते. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते तीन हजारांहून अधिक पट उष्णता पोटात घेऊ शकते. उघड्या अंगाने, हालचाल न करता बसलेल्या माणसाला २८ अंशांच्या हवेत थंडी वाजत नाही. पाण्यात मात्र तसेच सुखाने राहायचे तर ते ३३ ते ३५ अंश असावे लागते. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्याचे काही दिवस सोडले तर एवढे पाणी कुठल्या तलावात सापडेल? म्हणजे ९ अंशांच्या हवेत घोंगडी पांघरून पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्यापेक्षा १८ अंशांच्या 'गरम' पाण्यात उभा असलेला त्याचा मुलगा कितीतरी जास्त उष्णता गमावत असतो.

जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील मिनेसोटासारख्या राज्यात किंवा फिनलंडमध्ये, हिवाळ्यात तलाव वरून गोठतात आणि लोक त्या बर्फावर चालत जाऊन मासे धरतात. मोठ्या गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडायचे, त्यातून गळ सोडायचा आणि शेजारी स्टूल टाकून बसायचे. छोट्या तलावांत यासाठी रेनबो ट्राउट हा मासा मुद्दाम सोडला जातो. हवा उणे १५ अंश असली तरी तो मच्छीमार लोकरीच्या तीन-चार थरांत, जाड बुटांत आणि मुख्य म्हणजे कोरडा असतो. बर्फ किती जाड असला तर त्यावर पाय ठेवावा, याचे तिथले सरकारी नियम प्रत्येकाला पाठ असतात. स्वच्छ, घट्ट बर्फ निदान ४ इंच हवा, त्याखाली नाही. कारण तिथला धोका एकच, बर्फ फुटून पाण्यात पडण्याचा. आपल्याकडे बर्फ नाही, त्यामुळे फुटण्याचा प्रश्न नाही. पण त्यांना ज्या गोष्टीची भीती वाटते, ती आपला मच्छीमार रोज सकाळी स्वतःहून करतो. तो पाण्यात उतरतो.

तिथे बर्फाखाली मासा जगतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात आणि जड होतात. पाणी ४ अंशांपर्यंत तसेच वागते, त्याखाली मात्र उलटे. ते पुन्हा फुगू लागते, हलके होते. म्हणून ४ अंशांचे जड पाणी तळाशी बसते, शून्याकडे जाणारे वर राहते आणि गोठतेही वरूनच. बर्फाची चादर खालच्या पाण्याला घोंगडीसारखी राखते. थंड पाण्यात प्राणवायूही जास्त विरघळतो. शून्य अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. ट्राउटला असे थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. विशीच्या वर तापमान गेले की तो कासावीस होतो, पंचविशीच्या आसपास मरू लागतो. म्हणून भारतात तो काश्मीर, हिमाचल, सिक्कीम, निलगिरी अशा उंचावरच्या थंड पाण्यांत टिकला. मे महिन्यात भंडाऱ्याच्या तलावात सोडला तर दुपारपर्यंतही तग धरणार नाही.

आपल्या तलावांतले रोहू, कटला, मृगळ हे उन्हाचे मासे. २५ ते ३० अंशांना ते खातात-पितात, वाढतात. माशाचे रक्त स्वतःची ऊब राखत नाही, पाणी जसे तसे त्याचे शरीर. तापमान १० अंशांनी उतरले की त्याच्या शरीरातील रासायनिक क्रिया निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. हिवाळ्यात तो कमी खातो, खोल पाण्याकडे सरकतो, वाढ जवळपास थांबते. मरळ आणि मागूर आणखी वेगळे. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर ते वर येऊन सरळ हवाच घेतात. रात्रभर पाणवनस्पती प्राणवायू खर्च करतात, तयार करत नाहीत. त्यामुळे तलावात तो सर्वांत कमी असतो तो उजाडण्याच्या सुमारास. पृष्ठभागाशी हवा घेणारे मासे तेव्हा पाहावेत. जुन्या ढिवरांना हे कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत असते.

थोडक्यात, थंड पाण्यात मासा मंदावतो आणि त्याचे काही बिघडत नाही. माणसाला मात्र मंदावण्याची मुभा नाही. त्याचे शरीर ३७ अंशांवर राहण्यासाठी हट्ट धरते आणि त्या हट्टाची किंमत मोजते.

पाण्यात एकदम पडल्यास पहिली किंमत श्वासाची. गार पाणी अंगाला लागताच नकळत मोठा श्वास आत ओढला जातो, पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. हे सारे पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जोरात असते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरते. बर्फाळ पाण्यात ते जीवघेणे असते, आपल्या तलावांत सौम्य. पण ट्यूबवरून किंवा डोंग्यावरून तोल जाऊन पडलेल्या माणसाचे तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल, तर तो पहिला श्वास पाण्याचाच असतो. पट्टीचा पोहणारादेखील काठापासून दहा हातांवर का बुडतो, याचे उत्तर कधीकधी एवढेच असते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याच्यासाठी ही उसळीच पुरेशी ठरू शकते. म्हणून पाण्यात हळूहळू उतरावे. आधी पाय, मग हात-तोंडावर पाणी, मग कंबर. जुनी माणसे असेच उतरतात.

दुसरी किंमत हातांची. शरीर मधला भाग गरम ठेवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा आवळते. बोटे आधी दुखतात, मग बधिर होतात, मग ऐकेनाशी होतात. जाळ्याची गाठ सुटत नाही, अडकलेला पाय सोडवता येत नाही. खोल पाण्यात जाळ्यात पाय गुंतलेल्या माणसाची बोटे साथ देत नसतील तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली जाणे, ज्याला वैद्यकात हायपोथर्मिया म्हणतात, ही त्यानंतरची गोष्ट. कमरेइतक्या पाण्यात काम करणाऱ्या धडधाकट माणसाचे ते सहजासहजी होत नाही. स्नायूंची मेहनत आणि कापरे मिळून शरीर खूप उष्णता तयार करते. पण मच्छीमार बहुधा काटक, अंगावर चरबी नाही. चरबी हीच पाण्यातली खरी रजई. त्यात पोट रिकामे, वारा सुटलेला आणि ओली बनियन अंगाला चिकटलेली. अशा वेळी दोन-तीन तासांत माणूस कुरकुरा होतो, चुका करू लागतो, बोलताना अडखळतो. कापरे भरणे हे शरीर अजून लढत असल्याचे लक्षण. न तापता, न सुकता कापरे अचानक थांबले आणि माणूस सुस्तावला, तर प्रकरण गंभीर झाले असे समजावे.

तिसरी किंमत फारशी कुणाला माहीत नसते. पाण्याचा दाब पायांतले रक्त छातीकडे ढकलतो आणि थंडीने आवळलेल्या रक्तवाहिन्या त्यात भर घालतात. शरीराला वाटते, रक्त जास्त झाले. मग मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकू लागतात. पाण्यात उभे असताना वारंवार लघवीला होते ते यामुळे. दोन तासांनी बाहेर आलेला माणूस आतून सुकलेला असतो, थंडीमुळे तहान मात्र लागलेली नसते. पाण्याचा दाब अचानक गेल्यामुळे काठावर चढताच त्याला चक्कर येऊ शकते. तहान नसली तरी बाहेर आल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी पोटात गेले पाहिजे.

पाळीवर मात्र बऱ्याचदा वेगळेच पेय वाट पाहत असते. थंडी मारायला मोहाची घेतात, असा सर्रास समज आहे. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतले गरम रक्त वर येते, त्वचेला ऊब जाणवते. ती ऊब म्हणजे घरातले धान अंगणात ओतून 'बघा किती धान आहे' म्हणण्यासारखे. पाण्यात उतरण्यापूर्वी घेतली तर कापरे कमी होते, रक्तातली साखर उतरते, अंदाज चुकतो आणि पोहणे बिघडते. खर्ऱ्याचे काम याच्या उलट आणि तेही वाईटच. त्यातल्या तंबाखूचे निकोटीन आधीच आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळते. गालात खर्रा आणि पायाखाली गार पाणी हे पूर्व विदर्भातले रोजचे दृश्य आहे. मौखिक कर्करोगाबद्दल खर्ऱ्याला जेवढे बोल लावले जातात, तेवढे बोटांच्या बधिरपणाबद्दल कुणी लावत नाही.

या जिल्ह्यात गार पाण्याशी जोडलेला एक प्रश्न अधिक गंभीर आहे, तो सिकलसेलचा. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदललेला असतो, एवढेच. पण प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि गोल लवचीक पेशी ताठ होऊन विळ्याच्या आकाराची होते. रक्त वेगाने वाहत असेल तर पेशी बारीक वाहिनीतून वेळेत निसटते, फुप्फुसात जाऊन पुन्हा गोल होते. थंडीने वाहिन्या आवळल्या, प्रवाह मंदावला, अंगातले पाणी कमी होऊन रक्त घट्ट झाले आणि मेहनतीने प्राणवायू खर्च झाला, की ती वाटेतच विळा होते आणि अडकते. मागे रांग लागते. हाडांना, सांध्यांना, पाठीला रक्त मिळेनासे होते आणि असह्य कळा सुरू होतात. थंडी, पाण्याची कमतरता, अतिश्रम ही या कळांची नेहमीची निमित्ते म्हणून कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात सापडतील. हिवाळी मासेमारीत आणि शिंगाड्याच्या तोडणीत ती तिन्ही एकाच सकाळी एकत्र येतात.

अडचण अशी की ही कळ ओळखली जात नाही. वीस-बावीस वर्षांचा मुलगा तलावातून येतो, संध्याकाळी मांड्या आणि कंबर ठणकू लागते. घरचे म्हणतात, गारठा लागला, अंग धरले. दुकानातून वेदनाशामक गोळी येते, तेलाने चोळले जाते, दोन दिवसांत उतार पडतो. पुढच्या थंडीत पुन्हा तेच. अनेकांचा सिकलसेल असाच 'वात' म्हणून वर्षानुवर्षे खपून जातो. ज्याला दर हिवाळ्यात पाण्यातले काम केल्यावर हाडे दुखतात, डोळे पिवळट दिसतात किंवा लहानपणी वारंवार रक्त कमी पडत होते, त्याने एकदा रक्त तपासून घ्यावे. प्राथमिक विद्राव्यता चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते, पक्के निदान इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने. सरकारी रुग्णालयांत हे मोफत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. शिबिर गावात येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तपासणीत 'वाहक' निघणे आणि 'रुग्ण' निघणे यांत मोठा फरक आहे. वाहकाला सहसा काही होत नाही. त्याने मासेमारी सोडण्याची गरज नाही, फक्त पाणी भरपूर प्यावे आणि लग्न जुळवताना समोरच्याची तपासणी करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. रुग्णाने मात्र थंडीत पाण्यात उतरू नये. त्याला पाळीवरचे काम द्यावे, जाळे दुरुस्ती, वजन, हिशेब, विक्री. मच्छीमार सोसायटीने मनावर घेतले तर एवढी अदलाबदल अवघड नाही. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने कळांचे प्रमाण कमी होते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे लागते. कळेसोबत ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच दवाखाना गाठावा.

पायांच्या चिखल्या ही त्यामानाने किरकोळ तक्रार वाटते, पण कामाचे दिवस तीच जास्त खाते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ओल्या थंडीने सैनिकांचे पाय सुन्न होऊन सडू लागले, तेव्हा 'ट्रेंच फूट' हे नाव रूढ झाले. पुढे व्हिएतनाममध्ये धानाच्या बांध्यांतून हिंडणाऱ्या अमेरिकन सैनिकांचे पाय कोमट पाण्यातही बिघडले. म्हणजे त्वचेला नुसती थंडी नव्हे, सतत ओले राहणेही सोसत नाही. यावर उपाय सैन्यालाही एकच सापडला, पाय रोज काही तास पूर्ण कोरडे ठेवणे. बोटांच्या बेचक्या पुसाव्यात, झोपताना पाय उघडे ठेवावेत. चिरा पडलेल्या पायांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही आत शिरतात, म्हणून पाण्यात काम करणाऱ्याला ताप, अंगदुखी आणि डोळे लाल अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना 'तलावात उतरतो' हे आपणहून सांगावे. मागूरसारख्या माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. ते विष उष्णतेने निकामी होते आणि कळ झपाट्याने कमी होते. पाण्याचा गरमपणा दुसऱ्या, बऱ्या हाताने पाहावा. बधिर हाताला चटका कळत नाही. काटा आत मोडला असेल तर दवाखान्यात जावे.

चटक्याचा हाच धोका शेकोटीपाशी असतो. पाण्यातून गारठून आलेल्याला लोक सरळ जाळाशी नेतात, हातपाय चोळतात. बधिर कातडी भाजते आणि त्याला कळतही नाही. आधी ओले कपडे काढावेत, अंग टिपून कोरडे करावे, डोक्यासह घोंगडीत गुंडाळावे, वाऱ्याच्या आडोशाला बसवावे. शुद्धीत असेल तर गोड चहा. फारच गळून गेला असेल तर चालवू नये, आडवे ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटे टांगून पाणी काढण्याची रीत अजून दिसते. त्यात फक्त वेळ जातो आणि पोटातले अन्न घशात येते. श्वास नसेल तर तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी ३० दाब, २ श्वास, असे मदत येईपर्यंत करत राहावे. छोट्या गावात हे येणारे दोघे तरी असावेत, आणि ते तलावावर जाणारेच असावेत.

पहाटेऐवजी ऊन पडल्यावर उतरा, हा सल्ला द्यायला सोपा आहे. पण मासळीचा बाजार सकाळीच भरतो. नऊला पाण्यात उतरलेल्याचा मासा बाजारात पोहोचेपर्यंत गिऱ्हाईक घरी गेलेले असते, आणि उरलेला मासा बर्फावर ठेवायचा तर तो बर्फ विकत आणावा लागतो. तेव्हा वेळ बदलणे प्रत्येकाला जमणार नाही. वाटून घेणे जमू शकते. अर्ध्या-पाऊण तासाने पाण्यातली माणसे बदलायची, बाहेर आलेल्याने कोरडे व्हायचे. निघण्यापूर्वी भाकरीचा तुकडा खायचा. ओल्या सुती बनियनपेक्षा जुना लोकरीचा स्वेटर बरा, तो ओला झाला तरी थोडी ऊब धरतो. खोल पाण्यात जाणाऱ्याच्या अंगाला बांधलेला, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा फुकटात होतो, जीवरक्षक जाकीट मिळाले तर उत्तमच. आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत घालून पाळीवरच्या झाडाला टांगलेला असावा. घरून निघताना तो विसरतो, कारण निघताना कुणालाच थंडी वाजत नसते.